जवळचे लहान घर की लांबचे मोठे?

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलगी ३ वर्षांची आहे आणि मुलगा ११ महिन्यांचा. सध्याचे घर सोडायचे ठरले असून दोन वस्त्यांपैकी एक निवडायची आहे. पहिली वस्ती शहराच्या मध्यभागातली, जुनी. तिथले घर दोन खोल्यांचे आहे, पण दोघांचीही कार्यालये २० मिनिटांवर आहेत आणि शाळा, वाचनालय, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर. मात्र घराच्या एका बाजूने वर्दळीचा रस्ता जातो. दुसरी वस्ती शहराच्या कडेची, नवी. घर जवळजवळ दुप्पट, बाग मोठी, रहिवासी बहुतेक सुस्थितीतले. पण कार्यालय गाठायला एका वेळेस ६५ मिनिटे लागतात आणि शाळेला बसशिवाय इलाज नाही. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात की मुलांना मोकळी जागा हवी. मुलांच्या दृष्टीने कोणती वस्ती बरी, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : तुम्ही घराचे आकारमान आणि प्रवासाचे अंतर ही दोन्ही लिहिली आहेत, पण एक खोल्यांत मोजले आहे आणि दुसरे मिनिटांत, त्यामुळे त्यांची तुलना होत नाही. मुले इतकी लहान असताना मी सगळा हिशेब वेळेत मांडते. दोन वस्त्यांमधला फरक एका फेरीला ४५ मिनिटांचा, म्हणजे दिवसाला दीड तासाचा आहे. आठवड्याचे पाच दिवस आणि वर्षाचे ४८ आठवडे धरले, तर प्रत्येकाचे वर्षाला ३६० तास जास्तीच्या प्रवासात जातील आणि दोघांचे मिळून ७२०. हे तास दिवसाच्या कोणत्या भागातून वजा होणार, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसाला १० ते १३ तास झोप लागते. मुलगी सकाळी ७ वाजता उठत असेल, तर रात्री साडेआठच्या सुमारास ती झोपलेली असायला हवी. ६ वाजता कार्यालयातून निघालेली आई किंवा बाबा पहिल्या घरी ६ वाजून २० मिनिटांनी पोहोचतील आणि दुसऱ्या घरी ७ वाजून ५ मिनिटांनी. त्यानंतर जेवण, अंग धुणे आणि अंथरूण एवढे उरकले की दुसऱ्या घरी तिच्यासोबत जमिनीवर बसून खेळायला जवळपास काहीच वेळ उरत नाही. ज्या मोठ्या बागेसाठी ते घर घ्यायचे, ती बाग आठवड्यातले पाच दिवस तुम्हाला बहुधा अंधारातच दिसेल.

आजारपणाचाही विचार करा. पाळणाघरातून दुपारी फोन येतो की बाळाला ताप चढला आहे. अशा वेळी २० मिनिटे आणि ६५ मिनिटे यांतला फरक काय असतो, हे ज्यांनी तो प्रवास केला आहे त्यांना सांगावे लागत नाही.

मोठ्या घरातले सुख लांबच्या प्रवासाची भरपाई करेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. स्वित्झर्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ आलोइस श्टुट्सर आणि ब्रूनो फ्राय यांनी जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासून २००८ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ही भरपाई होताना दिसली नाही. ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा होता, ते आपल्या आयुष्याबद्दल सरासरीने कमी समाधानी होते. याचे एक कारण मला असे वाटते की मोठ्या खोलीची सवय काही महिन्यांत होते, पण खोळंबलेली वाहतूक रोज नव्याने सोसावी लागते.

एवढे लिहिले म्हणून पहिली वस्ती लगेच पक्की करा, असे मी म्हणणार नाही, कारण तिथला वर्दळीचा रस्ता ही किरकोळ बाब नाही. माझ्या मते तुमचा निर्णय याच एका मुद्द्यावर व्हावा.

सर्वप्रथम वाहनांचा वेग पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे सरकते. समोर मूल आलेले दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाला साधारण एक सेकंद लागतो आणि पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी तेवढेच अंतर लागते. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एकूण १३ मीटरच्या आसपास थांबलेली असते. म्हणजे ती जिथे उभी राहते, तिथून ५० च्या वेगाची मोटार ब्रेक लागण्याआधीच पुढे निघून गेलेली असते. लहान मुलांना येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज मोठ्यांसारखा करता येत नाही, हे कितीही शिकवले तरी काही वर्षे तसेच राहते. म्हणून शाळा त्या रस्त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, ओलांडायला सिग्नल आहे का, मध्ये थांबायला दुभाजकावर जागा आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. नगररचनाकार क्लॅरन्स पेरी यांनी १९२९ साली आदर्श वस्तीची कल्पना मांडली, तेव्हा शाळा मध्यभागी ठेवून मोठे रस्ते वस्तीच्या कडेने नेले होते, ते मुलांना शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये म्हणूनच.

हे पाहायला जाल तेव्हा मुलीला सोबत न्या आणि चौकात तिच्याशेजारी उकिडवे बसा. निरोगी ३ वर्षांच्या मुलाची उंची सरासरी ९५ सेंटिमीटर असते. नेदरलँड्समधील एक प्रतिष्ठान शहरांच्या रचनेकडे याच उंचीवरून पाहा, असे सांगते, आणि ते मला फार पटते. तुम्हाला सहज दिसणारा रस्ता उभ्या केलेल्या मोटारींमुळे तिला दिसतच नाही. शिवाय धुराड्याची नळी तुमच्यापेक्षा तिच्या तोंडाच्या बरीच जवळ असते.

त्यानंतर आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ साली अशी शिफारस केली की रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज दिवसरात्र मिळून सरासरी ५३ डेसिबलच्या आणि रात्री ४५ डेसिबलच्या खाली असावा. झोपायची खोली रस्त्याच्या विरुद्ध बाजूला असेल, तर बराच फरक पडतो, कारण १० डेसिबल कमी झाले की आवाज कानाला साधारण निम्मा वाटतो. रस्त्याचा धूरही पहिल्या शेदीडशे मीटरमध्ये झपाट्याने विरळ होतो. त्याच वस्तीत एक-दोन गल्ल्या आत घर मिळत असेल, तर तेच घ्यावे.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. आमचे पहिले घर आम्ही तीनदा पाहिले आणि तिन्ही वेळा रविवारी सकाळी पाहिले. राहायला गेल्यावर पहिल्याच रात्री कळले की खिडकीखाली एक गतिरोधक आहे आणि रात्री २ नंतर रिकामे ट्रक त्यावरून जाताना मागच्या फळीची साखळी आपटते. बाळ दचकून उठायचे आणि त्याला पुन्हा झोपवेपर्यंत पुढचा ट्रक यायचा. तेव्हा घर कामाच्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळी, संध्याकाळी आणि एकदा रात्री उशिरा असे तीन वेळा पाहा, आणि प्रत्येक वेळी अर्धा तास तरी तिथे थांबा.

रस्त्याचा परिणाम शेजारधर्मावरही होतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नगररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एकमेकांसारख्या तीन रस्त्यांची पाहणी केली. दिवसाला सुमारे २,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावरच्या रहिवाशाचे त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र होते. जिथे सुमारे १६,००० वाहने जात, तिथे हा आकडा ०.९ होता. मुलांना हाक मारून थांबवणारी, ओळखीची माणसे हवी असतील, तर आतल्या गल्लीचे महत्त्व यावरून लक्षात येईल.

‘सुस्थितीतले शेजारी’ या मुद्द्याला मी कमी वजन देते. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात अतिशय गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांना सोडतीने चांगल्या वस्तीत जाण्यासाठी मदत मिळाली. त्याचा पुढे अभ्यास झाला तेव्हा असे आढळले की वयाच्या १३ व्या वर्षाआधी हललेल्या मुलांची तरुणपणीची कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त होती. परिणाम खरा आहे, पण ती तुलना घोर गरिबी आणि बऱ्या परिस्थितीची होती. तुमच्या दोन्ही वस्त्या साधारण बऱ्याच आहेत. त्या अभ्यासातून तुमच्यासाठी घेण्याजोगी गोष्ट एवढीच की वस्तीचा परिणाम वर्षांनी साठत जातो, त्यामुळे जिथे जाल तिथे टिकून राहता येईल असे पाहा.

वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. दोन खोल्या आज पुरतील, पण मुलगी ९-१० वर्षांची झाली की तिला अभ्यासाला आणि एकटे बसायला कोपरा लागेल. तो प्रश्न सहा-सात वर्षांनी येणार आहे. संध्याकाळचा प्रश्न उद्याच येणार आहे. म्हणून शाळेच्या वाटेवर सुरक्षित ओलांडणी असेल आणि झोपायची खोली मागच्या बाजूला असेल, तर मी पहिली वस्ती निवडेन. या दोन अटी पुऱ्या होत नसतील, तर त्या वस्तीतच आतले घर शोधेन. तुमच्यापैकी एकाला आठवड्यातले तीन दिवस घरून काम करण्याची कायमची मुभा असेल, तर मात्र वरचा हिशेब नव्याने मांडा. तेव्हा दुसरे घरही योग्य ठरू शकते.

प्रश्न : विकत घेण्यापूर्वी त्या वस्तीत काही महिने भाड्याने राहून पाहावे का? दोनदा घर बदलण्याचा मुलांना त्रास होईल का?

उत्तर : शक्य असेल तर अवश्य राहा. मुले शाळेत जाऊ लागण्यापूर्वी हे करणे सोपे असते, कारण सुटणारे मित्र आणि शिक्षक अजून फारसे नसतात. या वयात मुलाचे जग म्हणजे आईबाबा, झोपेची वेळ आणि ओळखीचे पांघरूण; ते सांभाळले की लहान मुले आठवड्या-दोन आठवड्यांत रुळतात. भाड्याचे घर मात्र ज्या रस्त्यावर विकत घ्यायचे आहे त्याच रस्त्यावर घ्या, आणि राहायला गेल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी सकाळी मुलीला चालत शाळेच्या फाटकापर्यंत नेऊन आणा.