गॅदरिंगला बँड, पण आधी अर्थिंग

प्रश्न : आम्ही आर्वी तालुक्यातले अकरावीचे चौघे. जपानी शाळकरी मुलांचे रॉक बँड पाहून आपलाही काढायचं ठरवलं. गिटार छोट्या अॅम्पला (अॅम्प्लिफायरला) लावतो. बेस गिटार आणि माइक मंडपवाल्याच्या साउंड मशीनला. बेस बोदा वाजतो, आणि गिटार धरून गाताना माइकला ओठ लागले की झिणझिणतं. ड्रमवर ढोलकीवाला मित्र आहे. डिसेंबरात गॅदरिंग. घरचे म्हणतात, पोट्टे बिघडले.

उत्तर : झिणझिण्या हसण्यावारी नेऊ नका. गिटारच्या तारा अॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात, माइकची जाळी मशीनच्या. दोघांपैकी एकाचं अर्थिंग तुटलं की बोटांपासून ओठांपर्यंत करंटला वाट तुमच्यातून मिळते. दोन्ही यंत्रं अर्थिंग असलेल्या एकाच थ्री-पिन बोर्डावर घ्या. जाड पिन कापलेला प्लग आधी बदला. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं जाळीला लावा. आकडा शून्याजवळ हवा. पाच-दहा व्होल्ट दिसले तरी वाजवू नका, वायरमनला बोलवा. काळी माती वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या रॉडपासून सुटते, म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहा.

बेस बोदा, कारण माइकचं इनपुट पिकअपचा (तारांखालच्या चुंबकी कॉइलचा) नाजूक सिग्नल दाबून टाकतं आणि वरचे स्वर गिळतं. मध्ये डीआय बॉक्स टाका, म्हणजे बेसचा सिग्नल माइकच्या इनपुटला जुळवून देणारी डबी. गिटारच्या छोट्या अॅम्पवर बेस मोठ्यानं वाजवायचा मोह टाळा, स्पीकरचा कागद फाटतो.

ढोलकीवाल्याचे हात तयार आहेत, पाय नाहीत. किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (काडीनं वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) आणि हायहॅट (झांजांची जोडी) एवढंच द्या. मेट्रोनोम (लय मोजून देणारं यंत्र किंवा अॅप) मिनिटाला ६० वर : हायहॅटवर चार मात्रांत आठ ठोके मोजून, पहिल्या-तिसऱ्या मात्रेला उजवा पाय, दुसऱ्या-चौथ्याला स्नेअर. पाय हाताच्या मागे धावायचा थांबला की मगच वेग वाढवा.

जपानातल्या अनेक हायस्कुलांत 'केइओन-बु' असतो, शब्दशः हलक्या संगीताचा क्लब. नाव हलकं, वाजतं मात्र रॉक. वर्ष एप्रिलला सुरू होतं, शाळेचा 'बुंकासाई' हा सांस्कृतिक उत्सव बहुधा शरदात. मधल्या महिन्यांत शाळा सुटल्यावर सराव, आणि नव्यांना शिकवतात वरच्या वर्गातली मुलं. तुम्हीही मुख्याध्यापकांकडे एक खोली आणि आठवड्यातले दोन दिवस मागा. गाणी तीनच. घरच्यांना एकदा सरावाला बसवा, बाकी वाद घालू नका.

गॅदरिंगच्या दिवशी जनरेटर लावला तर मल्टिमीटरची तपासणी पुन्हा करा; भाड्याच्या जनरेटरला अर्थिंग कित्येकदा जोडलेलंच नसतं.