ब्रह्मा कोंबडीच्या पायांवरील खवले उचलले गेले आहेत, काय करावे?

ब्रह्मा ही पायांवरही पिसे असणारी कोंबडीची जात आहे. तिच्या पायांच्या पिसांखालचे खवले उचलले जाऊन त्यांच्या कडांशी पांढुरकी, भुकटीसारखी खपली धरली असेल, तर तो वाळलेला चिखल नसून खवल्यांखाली पोखरून राहणाऱ्या माइट या सूक्ष्म परजीवी किड्याचा प्रादुर्भाव असण्याची शक्यता अधिक आहे. पायांवर पिसे असल्यामुळे तो उशिरा लक्षात येतो, इतकेच.

पाय कोमट साबणपाण्यात भिजवून जुन्या, मऊ टूथब्रशने हलकेच घासावेत, पूर्ण कोरडे करावेत आणि पेट्रोलियम जेली खवल्यांच्या फटींत जाईल अशी चोळावी, म्हणजे माइट गुदमरतात. हे काही आठवडे नेमाने करावे लागते, आणि तेही खुराड्यातील सर्वच पक्ष्यांना. खपली ओढून काढू नये. घासलेट तर मुळीच लावू नये, त्याने कातडी पोळते. नव्याने फुटणाऱ्या पिसाच्या देठात रक्त असते, त्यामुळे ब्रश पिसांच्या दिशेनेच फिरवावा. आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाची मात्रा, तसेच त्यानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत हे, पशुवैद्यकालाच विचारावे. आपण नागपूरकडचे असाल, तर तिथे सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती बोटांच्या पिसांत गोळा होऊन दगडासारखी घट्ट होते. ती भिजवूनच सोडवावी आणि खुराड्यात धानाचे कोरडे तूस अंथरावे.