फिस्टुलाआधी हाताचं डॉप्लर: वाचकांचे प्रश्न

डायलिसिससाठी हातातली धमनी शिरेला जोडतात, तो फिस्टुला. त्याच्या आधी आणि नंतर डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या आणि त्यांतला प्रवाह दाखवणारी तपासणी, का करायची, याबद्दल पुन्हा तेच प्रश्न आले आहेत. म्हणून एकत्र उत्तरं देते.

प्रश्न: डॉप्लरला उपाशीपोटी यायचं का? डाय टोचतात का?

दोन्ही नाही. बाही खांद्यापर्यंत सरकेल असे कपडे घाला.

प्रश्न: आईला मधुमेह आहे, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) 4.8. डायलिसिस अजून सुरू नाही, तरी नेफ्रॉलॉजिस्टनी (किडनीच्या डॉक्टरांनी) हातांच्या शिरांचं मॅपिंग, म्हणजे डॉप्लरने मोजमाप, सांगितलंय. नातेवाईक म्हणतात, फिस्टुला केला की डायलिसिस मागे लागतं. थांबावं का?

अजिबात थांबू नका. डायलिसिस लागतं ते किडनी निकामी झाल्यामुळे. असलं ऐकून थांबलेले पेशंट शेवटी धाप लागल्यावर धावतपळत येतात, मग मानेत नळी घालावी लागते आणि तिच्यातून जंतुसंसर्गाची भीती कायम राहते. फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने लागतात, कधी तीनही. पहिला जमला नाही तर दुसऱ्यासाठी वेळ हातात हवा.

मॅपिंगच्या वेळी मी एसी बंद करते, कारण गारठ्यात शिरा आकसतात आणि चांगली शीरही बारीक भरते. मग दंडाला पट्टा बांधून मनगटापासून वर मोजत जायचं. शीर साधारण अडीच मिलिमीटर आणि धमनी दोन मिलिमीटर असेल तर मनगटाजवळ फिस्टुला होण्याची आशा असते. प्रोबने हलकंसं दाबलं की निरोगी शीर पार चपटी होते. परवा एका काकांची शीर मनगटाशी छान तीन मिलिमीटर भरली, पण कोपराच्या चार बोटं अलीकडे ती दबेचना. भिंत जाड, आत जुनी गुठळी. मागच्या वर्षी डेंग्यूत त्याच जागी पाच दिवस सलाईन लावलं होतं, आणि किडनीचा आजार तेव्हाही फाईलवर लिहिलेला होता! हे मी दर आठवड्याला बघते आणि दर वेळी जीव तुटतो. आईंचे दोन्ही हात जपा, त्या ज्या हाताने जेवत नाहीत तो तर नक्कीच. रक्त घ्यायचं असो की सलाईन लावायचं असो, पंजाच्या मागची शीर वापरायला सांगा. सिस्टरना हे सांगताना संकोच करू नका. फिस्टुला कुठल्या हाताला करायचा ते नेफ्रॉलॉजिस्ट आणि व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन ठरवतील, त्यांना याच आठवड्यात भेटा.

प्रश्न: लॅबच्या सवलतीच्या पॅकेजमध्ये हाताचं डॉप्लर झालंय. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आहे. चालेल का?

नाही. ‘नॉर्मल’ एवढ्या शब्दावर सर्जन छेद कुठे घेणार? टप्प्याटप्प्यावरची रुंदी, त्वचेपासूनची खोली, धमनीच्या भिंतीत साठलेलं कॅल्शियम, हे सगळं रिपोर्टमध्ये लागतं. घाईत उरकलेली तपासणी पुन्हा करावी लागते आणि पैसे दोनदा जातात. पूर्वी कॉलर बोनखालून नळी घातली असेल तर तेही सर्जनना सांगा. त्या हाडामागची शीर सोनोग्राफीत नीट दिसत नाही, व्हेनोग्राफी, म्हणजे डाय टोचून शिरेचा एक्स-रे, लागू शकते.

प्रश्न: फिस्टुला करून सात आठवडे झाले, शीर फुगत नाही. ओळखीचे एक जण खास तेलाने मालिश करून देतात.

मालिश नको, डॉप्लर करा. आम्ही सहाचा हिशोब धरतो: सहा आठवड्यांनी शीर किमान 6 मिलिमीटर रुंद, त्वचेखाली 6 मिलिमीटरच्या आत आणि प्रवाह मिनिटाला 600 मिलिलीटर. कमी भरलं तर बहुतेक वेळा जोडाजवळ शीर अरुंद झालेली असते किंवा एखादी फांदी रक्त पळवत असते. दोन्हींवर उपाय आहेत, पण ते सर्जनकडे, तेलाच्या बाटलीत नाहीत.

प्रश्न: वडील अंथरुणाला खिळलेत. मशीन घरी आणाल का?

नाही. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्याखाली मशीनची नोंदणी जागेसकट असते, ते घरोघरी नेता येत नाही. ॲम्ब्युलन्सने आणा, आधी फोन करा.

प्रश्न: फिस्टुलावर बोटं ठेवली की रोज जाणवणारी थरथर सकाळपासून लागत नाही. डॉप्लरला सोमवारची वेळ मिळाली आहे.

सोमवारची वाट बघायची नाही. गुठळी झाली असेल तर जितका उशीर, तितकी ती काढणं अवघड. ऑपरेशन जिथे झालं तिथे आत्ता निघा, डॉप्लर तिथे होईल. हे पत्र शुक्रवारी रात्री आलं. त्यात फोन नंबर होता, म्हणून लगेच कळवता आलं.