जुनी व्हॅन घेताय? आधी खाली वाकून बघा

प्रश्न : रत्नागिरीत २०१४ ची ट्रॅव्हलर व्हॅन मिळतेय, राहता येईल अशी केलेली. आत बेड, ओटा सगळं तयार, दिसायला एकदम नवीकोरी. घेऊ का?

उत्तर : नवीकोरी दिसते म्हणालात ना, तिथेच मला शंका आली. समुद्रकाठची गाडी म्हणजे खारा वारा आलाच, आणि गंज नेहमी खालून चढतो. घरातलं एखादं लोहचुंबक घ्या, चाकांवरचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, फूटबोर्ड असं सगळीकडे फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा गेलाय, लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलाय असं समजा. मग गॅरेजात रॅम्पवर चढवून चॅसीला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, खपल्या निघाल्या तर चहा पिऊन घरी या. प्लाय चार दिवसांत बदलता येतो हो, चॅसीचं काय करणार? आणि इंजिन गार असतानाच जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. सुरू झाल्यावर ऑइलचं झाकण उघडा, भकाभका धूर आला तर इंजिनकामाचे पैसे किमतीतून कापा.

मी स्वतः एकदा पडदे आणि एलईडी बघून भाळलो होतो, पहिल्याच पावसात मॅटखाली तळं. तेव्हापासून मॅट उचलल्याशिवाय भावाचं बोलतच नाही.

प्रश्न : दिल्लीची दहा वर्षांची डिझेल व्हॅन फार स्वस्तात मिळतेय, भानगड काय?

उत्तर : तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये बंदी आली, तेव्हापासून लोक त्या काढून टाकतात. गाडी वाईटच असेल असं नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८), ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३०, लोन असेल तर फॉर्म ३५, आणि वर महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने, हे सगळं धरलं की स्वस्ताई बरीच आटते. एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, एजंट कितीही "होऊन जाईल" म्हणो.

प्रश्न : मारुती ईको व्हॅनची मागची सीट काढून बेड केला तर पोलीस पकडतील का?

उत्तर : पोलिसांपेक्षा क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाल्यांची भीती धरा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरचा (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील जुळणार नाही असा बदल चालत नाही. त्यामुळे छप्पर कापणं, सीट कायमची काढणं हे आरटीओला आधी विचारल्याशिवाय नको. मी तर म्हणतो सीट राहू द्या, ती पाडून वर बसेल असा घडीचा फळ्यांचा बेड करा, घरी आलात की उचलून गॅलरीत.

प्रश्न : १०० एएच (अँपिअर-तास), १२.८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर रात्रभर एसी चालेल?

उत्तर : नाही. बॅटरीत साधारण १२८० वॉट-तास, घरातला दीड टनी एसी जोरात असताना १५०० वॉट खातो, म्हणजे तासभरसुद्धा नाही. छतावर बारा व्होल्टचा एक्झॉस्ट फॅन बसवा, खिडक्यांना जाळी लावा, आणि मे महिन्यात कोकणाऐवजी महाबळेश्वरला जा. बॅटरीजवळच फ्यूज टाका मात्र, तिथे काटकसर नको.

प्रश्न : थंडीत गॅसची शेगडी आत पेटवून झोपलं तर?

उत्तर : अजिबात नाही! बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. स्वयंपाक दार उघडं ठेवून, झोपायच्या आधी सिलिंडरचा नॉब बंद, आणि थंडीला गोधडी.