हजेरीपटात नसलेली मुलं आधी मोजा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पाड्यांवर संस्थेच्या वीस अभ्यासिका चालतात, तिसरं वर्ष आहे, सीएसआरवाले (निधी देणाऱ्या कंपन्या) ‘इम्पॅक्ट दाखवा’, म्हणजे कामाचा परिणाम दाखवा, म्हणून मागे लागलेत आणि तुमच्या हाती हजेरीपट आणि चाचण्यांचे गुण आहेत. बेसलाइन-एंडलाइनची, म्हणजे सुरुवातीच्या आणि अखेरच्या चाचणीची तुलना करून अहवाल द्यावा का, असं विचारलंत. मागचे दोन अहवाल विश्वस्तांनी चाळले आणि ठेवून दिले, हेही लिहिलंत. सतरा वर्षं याच कामात आहे म्हणून सांगतो, या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. अहवालात फक्त वर्गाला आलेली मुलं असली, की विश्वस्तांना ठरवण्यासारखं काही उरतच नाही. मुलं येतात, शिकतात, चांगलं चाललंय. पुढे काय ठरवणार?

‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचं उत्तर प्रदेशातल्या जौनपूरमधलं काम मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो. 2005-06 मध्ये तिथल्या 280 गावांत संशोधकांच्या मदतीने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. काही गावांत सभा घेऊन पालकांना ग्राम शिक्षण समिती (शाळेवर लक्ष ठेवणारी गावाची समिती) आणि तिचे अधिकार समजावले. काही गावांत त्यासोबत गावातल्या मुलांना किती वाचता येतं, याचं प्रगतिपत्रक गावकऱ्यांकडूनच करून घेतलं. तिसऱ्या गटात शिवाय गावातल्या तरुणांना वाचन शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं. उरलेल्या गावांत काहीच केलं नाही. पहिल्या दोन गटांत शाळा, समिती, पालक सगळं होतं तिथंच राहिलं. नुसत्या माहितीने काही हललं नाही. तिसऱ्या गटात स्वयंसेवकांच्या वर्गाला बसलेली मुलं खरोखर वाचायला लागली.

कुठलीही संस्था इथं थांबून यशोगाथा छापेल. पण इथे गावातली सगळीच मुलं मोजलेली होती, म्हणून दुसरा आकडाही समोर आला. वर्गाला आलेली मुलं गावातल्या मुलांच्या 10 टक्क्यांहूनही कमी होती. पद्धत चांगली, पण बहुतेक मुलांपर्यंत पोचतच नाही. हे दिसल्यावर पुढचा प्रश्न आपसूक आला: मुलं जिथं रोज असतात त्या शाळेत हे कसं न्यायचं? बिहारमध्ये 2008 च्या उन्हाळी शिबिरांत सरकारी शिक्षकांनी हीच पद्धत वापरली आणि ती चालली. शाळेच्या वर्षात मात्र नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन काही हाती लागलं नाही, कारण शिक्षक अभ्यासक्रम संपवण्याच्या धबडग्यात होते. मग 2012-13 मध्ये हरियाणात रोजचा एक तास बाजूला काढला, मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार बसवलं, देखरेख नेमली. तेव्हा शाळेतही जमलं. आकड्याने निर्णय बदलणं मी याला म्हणतो.

आता माझ्या अनुभवातलं. एका वस्तीवरच्या वर्गाचे निकाल अप्रतिम होते, हजेरीपटावर 28 नावं. मी शाळेतून तिसरी ते पाचवीचा पट घेतला, तो निघाला 61 चा. मग कार्यकर्तीबरोबर दोन दिवस घरोघर फिरलो, हातात वाचनाचा कागद: अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट. वर्गापासून चौथ्याच घराच्या ओट्यावर चौथीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिने ‘क’वर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. आई मजुरीवरून सहाला परतायची आणि आमचा वर्ग चार ते सहा. अशी कितीतरी घरं निघाली. वर्गातली बरीच मुलं तर आमच्याकडे येण्याआधीपासूनच वाचत होती, कारण सुरुवातीला कुणी त्यांची पातळी तपासलीच नव्हती.

आम्ही वेळ साडेसहाची केली, धाकट्या भावंडांसाठी कोपऱ्यात एक सतरंजी टाकली. ती मुलगी यायला लागली, तिच्यासारखी आणखीही आली. पुढच्या तिमाहीत वर्गाचे सरासरी गुण चांगलेच घसरले आणि कार्यालयातून फोन आला की वर्ग बिघडलाय. सरासरी घसरली होती ती न वाचणारी मुलं आत आली म्हणून! तेव्हापासून मी नुसती सरासरी पाठवतच नाही. वस्तीत न वाचणारी मुलं किती, त्यांतली आपल्याकडे किती, त्यांतली पुढच्या पातळीवर किती, एवढंच पाठवतो.

तुमच्या अभ्यासिकांसाठी वीसच्या वीस पाडे नकोत. पाच-सहा निवडा, शाळेच्या पटावरून यादी करा, शाळेत न जाणारी मुलं घरोघर जाऊन जोडा. एका मुलाला चार-पाच मिनिटं लागतात. चाचणी त्या वर्गाच्या ताईंनी घेऊ नये. त्या प्रामाणिक असतातच, पण आपल्या मुलाला नकळत सुचवलं जातं. मध्येच सोडून गेलेल्या मुलांनाही शोधून वर्षअखेरीला तपासा, नाहीतर टिकलेल्यांचंच यश मोजलं जाईल.

तुलनेशिवाय ‘इम्पॅक्ट’ शब्द मात्र वापरू नका. मुलं शाळेतही शिकतात, वयानेही पुढे जातात. गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्यात काम करणाऱ्या संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली, तेव्हा 39 गावांत काम होतं आणि तुलनेच्या 47 गावांतही जन्म-मृत्यू मोजले जात होते. कामाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी 62 वरून 25 च्या आसपास आला, तुलनेच्या गावांत 60 च्या घरातच राहिला. दुसरा आकडा नसता तर पहिल्यावर कुणीही शंका घेतली असती. तुम्ही पुढच्या वर्षी नवे पाडे घेणार असाल, तर तिथल्या मुलांची चाचणी यंदाच आताच्या पाड्यांबरोबर घ्या, वर्षाच्या सुरुवातीला आणि अखेरीला. कुणाचा वर्ग अडवावा लागत नाही आणि तुलनाही मिळते. पाडे फार वेगळे नसावेत, एवढं बघा.

आणि विश्वस्तांना अहवाल येण्याआधीच एक पान द्या. न वाचणाऱ्या मुलांपैकी निम्मीसुद्धा येत नसतील तर वेळ बदलायची का, येऊनही पुढे सरकत नसतील तर शिकवण्याची पद्धत बदलायची का, हे त्यांच्याकडून बैठकीत लिहून घ्या, सह्यांसकट. पटाची यादी आणि घरभेटीचा तक्ता कसा आखायचा त्यात अडलात तर इथंच विचारा, माझा जुना नमुना टाकतो.