उपकेंद्राची वही की पुण्याचं हॉस्पिटल?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात लागावी अशी आमची इच्छा. ती म्हणते, मी इकडंच उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होणार. चार वर्षं शिकून वही घेऊन घरोघर हिंडायचं का? – एक पालक, ता. धारूर

उत्तर : भाऊ, आधी त्या वहीचंच बोलू.

हॉस्पिटलात पेशंट आपल्या पायानं येतो. उपकेंद्रावर कोण आलं नाही, हे ओळखावं लागतं. सपाट भागात साधारण ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र. हाताशी एएनएम म्हणजे उपकेंद्राची नर्स, आरोग्यसेवक आणि आशाताई. त्यात आपल्याकडं दसरा-दिवाळीला टोळ्या ऊसतोडीला निघतात, हे तुम्हाला मी काय सांगावं! फेब्रुवारीत जन्मलेल्या बाळाला गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने भरल्यावर, म्हणजे नोव्हेंबरात. तेव्हा ते बाळ उसाच्या फडात, कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत. लस आधी टोचता येत नाही. म्हणून टोळी निघायच्या आत टोळीच्या मुकादमाकडून कारखाना कोणता ते विचारायचं, आईजवळ लसीचं कार्ड आहे का ते बघायचं, तिकडच्या सिस्टरला फोन करायचा. जानेवारीत दिवस भरणारी बाई कुठं बाळंत होणार? बीपीच्या गोळ्या किती दिवसांच्या द्यायच्या? आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांची शुगर कोण तपासणार, कोणत्या वारी? हे सगळं त्या वहीत असतं. वही नीट नसली की गाडी गेल्यावर धावपळ.

आता तुमची काळजी. ही पदं राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी आहेत, हे खरं. कायम नोकरीच हवी असेल तर सरकारी परिचारिका भरतीवरही नजर ठेवा. सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा कोर्स काहींना करावा लागतो. नव्या अभ्यासक्रमात तो भाग आधीच असतो, तिच्या कॉलेजात विचारून घ्या. पुढं कम्युनिटी हेल्थमध्ये दोन वर्षांचं एम.एस्सी. नर्सिंगही करता येतं. पुण्याचा अनुभव वाईट नाही, पण तो वॉर्डाचा. ही नजर तिथं येत नाही.

मात्र तिला वह्या-रजिस्टरांचा कंटाळा असेल, तर हा हट्ट सोडायला मीच सांगेन. पारख सोपी आहे. टोळ्या निघायच्या आधी तिला तुमच्या उपकेंद्राच्या सिस्टरांना विचारून आशाताईंबरोबर चार दिवस फिरू द्या. कुणाला काय द्यायचंय, कोण कधी जाणार, ते तिनं लिहावं. संध्याकाळी ती यादी तुम्ही वाचा. वाडीतलं कुणाचं घर राहिलं, ते तुम्हाला लगेच कळेल.