मुंबईहून जोरहाटच्या हवाई दल तळावर राहायला जाण्यापूर्वी काय माहीत करून घ्यावे?

आपल्या प्रश्नाचा आशय असा, की आपले यजमान हवाई दलात आहेत, आजवर ते कॉटन ग्रीनला नोकरीस असल्यामुळे आपण भांडुपला सासरच्या घरीच राहिलात, आणि आता त्यांची बदली आसाममधील जोरहाटला झाली आहे. दुसरीतील मुलगी आणि मधुमेह असलेल्या सासूबाई यांना घेऊन पहिल्यांदाच तळाच्या आत राहायला जाण्याआधी त्या जागेची ओळख कशी करून घ्यावी, हे आपण विचारले आहे. माझे यजमान वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. त्यांची एक पोस्टिंग जोरहाटला होती, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम एक विनंती. प्रश्नात आपण यजमानांच्या नव्या युनिटचे नाव आणि रुजू होण्याची तारीख लिहिली आहे. ती दोन्ही कृपया आजच काढून टाका. जोरहाटला हवाई दलाचा तळ आहे हे जगजाहीर आहे, परंतु कोण, कोणत्या युनिटला, कधी जाणार, हे अनोळखी माणसांना कळण्याचे कारण नाही. पोस्टिंग ऑर्डरचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याचा मोहही आवरावा.

तळाविषयी इंटरनेटवर आपल्याला फारसे काही सापडणार नाही, आणि नकाशावर धावपट्टी मोठी करून पाहिल्याने संसाराच्या उपयोगाची गोष्ट एकही कळत नाही. माझे मत असे आहे, की कुंपणाच्या आतल्या जगाची चौकशी कमी करावी आणि बाहेरच्याची जास्त. आतले जग बहुतेक स्टेशनांवर सारखेच असते: दारात गार्डरूम, कामाचा टेक्निकल एरिया वेगळा, राहण्याचा डोमेस्टिक एरिया वेगळा, कॅन्टीन, मेडिकेअर सेंटर, देऊळ, मुलांचे मैदान. एका स्टेशनची सवय झाली की दुसऱ्यावर चार दिवसांत घडी बसते. जे बदलते ते हवामान, गाव आणि त्या तळाचे काम, आणि घरातला दिवस या तिघांवर ठरतो.

कामाचेच आधी सांगते. जोरहाट हा मालवाहू विमानांचा तळ म्हणून ओळखला जातो. एएन-३२ ही दोन इंजिनांची विमाने इथून अरुणाचल प्रदेशातील मेचुका, तुतिंग, विजयनगर यांसारख्या दुर्गम धावपट्ट्यांवर माणसे आणि रसद पोहोचवतात. दुसऱ्या महायुद्धात चीनला हिमालयावरून जो हवाई पुरवठा झाला, त्यातही जोरहाटचे विमानतळ वापरात होते, म्हणजे या गावाला हे काम जुनेच आहे. डोंगरातल्या दऱ्यांत दिवस वर चढला की ढग भरतात, त्यामुळे उड्डाणे शक्यतो सकाळी लवकर होतात, आणि हवा बिघडली की गेलेले माणूस तिकडेच अडकू शकते. यजमानांचे काम विमानांशी निगडित असेल तर पहाटे उठणे आणि आयत्या वेळी बदललेला दिवस, या दोन गोष्टी धरून चालाव्यात. जोरहाटचे नाव शोधताच ३ जून २०१९ रोजी मेचुकाला निघालेल्या एएन-३२ च्या अपघाताच्या बातम्या समोर येतील. त्यात १३ जण गेले. हे आपल्यापासून लपवण्यात अर्थ नाही, पण सासूबाईंना ते मोबाइलवरून कळण्यापेक्षा यजमानांच्या तोंडून कळलेले बरे.

मुंबईकराला सर्वांत जास्त चकवते ते तिथले घड्याळ. देशभर वेळ एकच असली तरी सूर्य तिकडे बराच आधी उगवतो आणि आधी मावळतो. डिसेंबरात दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्यास्त होतो, तर जूनमध्ये पहाटे साडेचारला खिडकीत लख्ख उजेड असतो. चहाच्या मळ्यांत तर घड्याळ एक तास पुढे ठेवण्याची जुनी पद्धत आहे, तिला ‘बागान टाइम’ म्हणतात. मुलगी शाळेतून येऊन जेवेपर्यंत खेळण्याचा वेळ संपत आलेला असतो, आणि भांडुपला रात्री साडेनऊला होणारे जेवण तिथे आपोआप साडेसातवर येते. जाण्याआधी महिनाभर घरातले झोपणे-उठणे थोडे अलीकडे आणलेत तर मुलीला आणि सासूबाईंना, विशेषतः त्यांच्या औषधांच्या वेळांना, जड जाणार नाही.

दमट हवा आपल्याला नवीन नाही, परंतु आपल्याकडे जे आषाढ-श्रावणात होते ते तिथे वर्षातील बराच काळ चालते. आमच्याकडे लोखंडी कपाटात, तळाशी, शून्य नंबरचा बल्ब दिवसरात्र जळत असे. शेजारच्या तेलुगू वहिनींनी पहिल्याच आठवड्यात तो लावून दिला होता. तरीही एका पैठणीच्या घडीवर पांढरी बुरशी आलीच, आणि यजमानांच्या चामडी पट्ट्याच्या भोकांभोवती हिरवट कडी दिसू लागली. भारी साड्या, फोटोंचे जुने अल्बम आणि लग्नातले लाकडी सामान भांडुपलाच ठेवावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तो सगळा प्रदेश भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या क्षेत्रात येतो, तेव्हा पलंगाच्या डोक्याशी उंच कपाट उभे करू नये.

आता माहिती नेमकी कोणाकडून घ्यावी, याविषयी. यजमान ज्यांच्या जागी जात आहेत त्यांचे कुटुंब हा सर्वांत खात्रीचा स्रोत आहे. यजमानांनी त्यांच्याशी बोलून आपला आणि त्या वहिनींचा फोन जोडून द्यावा. त्यांना ‘तिकडे कसे आहे?’ असे मोघम विचारू नका, कारण उत्तर ‘छान आहे’ असेच येते. क्वार्टरसाठी सध्या किती महिने थांबावे लागते, तोवर बाहेर भाड्याने घर घेण्याची परवानगी मिळते का, वीज किती वेळ जाते, पाणी किती वाजता येते, खिडक्यांची लांबी-रुंदी काय, असे विचारा. खिडक्यांचे मी थट्टेने लिहीत नाही. प्रत्येक स्टेशनवर खिडक्यांचे माप वेगळे निघते आणि आधीचे पडदे कुठेच बसत नाहीत. जाणारे कुटुंब पडदे, कूलर, सायकल, तुळशीची कुंडीसुद्धा येणाऱ्याला देऊन जाते, म्हणून त्यांच्याशी ओळख असलेली बरी. क्वार्टर ज्येष्ठतेच्या यादीनुसार मिळते, त्यात ओळखीने काही होत नाही. ते लगेच मिळणार नसेल, तर यजमानांनी आधी एकट्याने जावे आणि आपण क्वार्टर हाती आल्यावर निघावे, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते, मग सासरचे काहीही म्हणोत.

मुंबईतही विचारायला माणसे आहेत. कॉटन ग्रीन आणि ठाण्याचे कोलशेत येथील स्टेशनांवर पूर्वेकडची पोस्टिंग करून आलेली कुटुंबे सापडतात. यजमान सोबत असताना तिथल्या कुटुंब कल्याण संघटनेच्या एखाद्या कार्यक्रमाला जाऊन या, म्हणजे आतले वातावरणही दिसेल. वाशी स्टेशनजवळचे आसाम भवन मुलीला एकदा दाखवावे आणि आसामी जेवण तिथेच चाखून पाहावे. आंबट ‘टेंगा’ घातलेला मासा आपल्याला आवडला, तर जोरहाटच्या बाजारात आपण परक्या राहणार नाही.

सासूबाईंचे नाव यजमानांच्या सेवा कागदपत्रांत आश्रित म्हणून नोंदलेले आहे की नाही, हे निघण्यापूर्वी तपासावे. ते राहिले असेल तर ही एकच गोष्ट आपल्याला पुढे सर्वांत जास्त त्रास देईल. नोंद असल्यास काळजी कमी, कारण जोरहाटला हवाई दलाचे स्वतःचे रुग्णालय आहे आणि शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मुलीबाबत बालरोगतज्ज्ञांना जपानी मेंदुज्वराच्या लसीविषयी आवर्जून विचारा. वरच्या आसामात हा डासांमुळे होणारा आजार दर पावसाळ्यात डोके वर काढतो, म्हणून तिथल्या बाळांना ही लस सरकारी वेळापत्रकातच मिळते. मुंबईत वाढलेल्या मुलांना ती बहुधा मिळालेली नसते. मच्छरदाण्या इथूनच न्या. शाळेची चिंता नको, केंद्रीय विद्यालयांच्या प्रवेशात बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना पहिले प्राधान्य असते.

गावाविषयी थोडे. बाजार मुख्यतः गार अली या रस्त्यावर भरतो. १९११ पासून चालत आलेली टोकलाईची चहा संशोधन संस्था याच शहरात आहे, आणि निमाती घाटावरून फेरीबोटीने ब्रह्मपुत्रेतील माजुली बेटावर जाता येते. एप्रिलच्या मध्यावर रंगाली बिहू हा आसामी नववर्षाचा सण येतो, त्या वेळी मुंबईला सुट्टीवर न येता तिथेच थांबावे.

प्रवासाला गुवाहाटीपर्यंत विमान आणि पुढे सुमारे ३०० किलोमीटर रस्ता किंवा रेल्वे, हा मार्ग सासूबाईंना झेपेल. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून रेल्वेने गेल्यास गुवाहाटीलाच दोन दिवसांहून अधिक लागतात. जोरहाटला थेट विमानाने उतरलात तर ते नागरी विमानतळ हवाई दलाच्या धावपट्टीवरच आहे, त्यामुळे मुलीला खिडकीतून फोटो काढू देऊ नका. बदलीच्या भत्त्यात मूळ वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळते, सामानवाहतुकीचा खर्च निराळा. सामानाचा ट्रक जून ते सप्टेंबर या काळात शक्यतो पाठवू नये, कारण काझीरंगाजवळ पूर आला की वन्य प्राणी महामार्ग ओलांडून उंचावर जातात आणि वाहनांचा वेग ताशी ४० किलोमीटरवर आणला जातो. ट्रक उशिरा येणार हे गृहीत धरून कुकर, दोन ताटे, चादरी, गॅसचा रेग्युलेटर, मुलीची शाळेची कागदपत्रे आणि सासूबाईंची दोन महिन्यांची औषधे स्वतःजवळच्या बॅगेत ठेवा. काळ्या ट्रंकांवर यजमान नाव-नंबर रंगवतीलच. झाकणाच्या आतल्या बाजूला सामानाची यादी मात्र आपण आपल्या अक्षरात चिकटवा, कारण पहिल्या संध्याकाळी डाळ कुठल्या ट्रंकेत आहे हे त्यांना विचारून उपयोग नसतो.